शिट्टी आज कुठे पडला

सोमवार, ११ मार्च
संध्याकाळ

बाबा,

आज मी तुमच्या बसमध्ये होते. मधल्या दरवाज्यामागची सीट, खिडकीशी. तुम्ही माझ्या गळ्यात ‘सुतार’ लिहिलेलं कार्ड अडकवलंत, "ताई, उतरताना पायरी सांभाळा हं" म्हणालात आणि पुढच्या माणसाकडे वळलात. मला ओळखलं नाहीत.

मी काही तोंड झाकून बसले नव्हते. तशी आता ओळखण्यासारखी राहिलेही नाही म्हणा. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जायचे, आता माझी मुलगी कॉलेजात जाते. आणि तुम्ही कार्डं हात लांब करकरून वाचत होतात. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तेव्हा हे फुकटात सांगते: तुमचा नंबर वाढलाय. तपासून घ्या.

तुमचा पत्ता कसा लागला ते विचारणार नाही तुम्ही, तरी सांगते. शेजारच्या काकूंचा जावई सहलीला गेला होता. त्याने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ काकू कौतुकाने सगळ्यांना दाखवत होत्या. "बघ गं, काय सुंदर सांगतात हे कॅप्टन!" मी बघितलं. हातात काठी, डोक्यावर ती टोपी, मागे टेकडी, आणि माझा बाप घडाघडा बोलतोय. मी तो व्हिडिओ परत परत लावला. चेहऱ्यासाठी नाही. आवाजासाठी. आमच्या घरात तो आवाज एवढा वेळ सलग कधी ऐकूच आला नव्हता.

आणि कॅप्टन कधी झालात हो? आमच्या माहितीप्रमाणे तुम्ही साधे शिपाई होतात. टोपीच्या दुकानात हुद्दाही मिळतो वाटतं.

टूर छान आहे. उगाच नावं ठेवणार नाही. प्रत्येक प्रवाशाला तुकडीतला एकेक जवान करायचा, त्याचं टोपणनाव गळ्यात अडकवायचं, टेकडीवर त्याच्या त्याच्या जागी उभं करायचं आणि मग लढाई सांगत सांगत ज्याच्या खांद्याला तुम्ही हात लावाल त्याने खाली बसायचं, म्हणजे तो पडला. पैलवान बसला, मास्तर बसला, गवई बसला. मी, म्हणजे सुतार, काटेरी तारेपाशी बसले. गवत ओलं होतं. माझ्या शेजारी ‘गवई’ झालेला गृहस्थ सुरुवातीला खिदळत होता, नंतर त्याने मोबाईल खिशात टाकला. शेवटी सगळे खाली आणि उभे फक्त तुम्ही, आणि मग तुम्ही टोपी काढता. कसलेले आहात.

‘शिट्टी’चं कार्ड एका शाळामास्तरांच्या गळ्यात होतं. तुम्ही सांगितलंत की हा पोरगा सतत शिट्टी वाजवायचा, अगदी जेवतानासुद्धा, म्हणून नाव शिट्टी. लोक हसले. मग पडक्या मेंढवाड्याच्या भिंतीआड तो सगळ्यांना धीर यावा म्हणून शिट्टी वाजवत होता आणि तोफगोळा पडला. "सूर अर्धा राहिला, मंडळी." आणि त्या शाळामास्तरांच्या खांद्यावर हात.

बाबा, तो माझा मामा होता. आईचा सख्खा भाऊ. तो माझ्या जन्माआधी गेला, म्हणून मला त्याचा फक्त फोटो माहीत आहे. पण आई त्या फोटोबरोबर जगली. तुम्ही दोघं एका तुकडीत, तुम्ही परत आलात, तो आला नाही. आईने तुम्हाला विचारलं, तो कसा गेला? तुम्ही मूग गिळून बसलात. तिने वर्षानुवर्षं विचारलं. जेवण वाढताना विचारलं, भांडताना विचारलं, माझ्या वाढदिवशी विचारलं. शेवटी तुम्ही उठून निघूनच गेलात. आणि जे बायकोला सांगता आलं नाही ते इथे रोज, दोन फेऱ्यांत, चहाच्या सुट्टीसकट!

मी भांडायला आले नव्हते. आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत, पण सह्या फार घेतात. ती मला म्हणाली, "मला तुझ्या बापाला भेटायचं नाही. त्याला फक्त विचारून ये, माझा भाऊ कसा गेला. एवढं कळलं की मला त्या टेबलावर खुशाल झोपवा."

तर मला कळलं. मेंढवाड्याची भिंत, तोफगोळा, अर्धा सूर. आज मोबाईल लॉजवर चार्जिंगला राहिला, म्हणून उद्या सकाळच्या फेरीला पुन्हा येते आणि तुमचा आवाज भरून घेते. आईने ते तुमच्या तोंडून ऐकावं. ते झालं की मी जाईन. तुम्ही ओळख दाखवायची गरज नाही. चिठ्ठी तिकीटवाल्या बाईंकडे देतेय.

दुपारी पाव खाताना बघितलं. अजून डाव्याच बाजूने चावता.


मंगळवार, १२ मार्च

बाबा,

शाबास. काय नट आहात तुम्ही!

आज चिठ्ठी वाचून आला होतात, हे पहिल्या मिनिटाला कळलं. नजर सारखी मधल्या दरवाज्याकडे. आणि माझ्या कालच्या सीटवर, खिडकीशी, आज कोण होतं? माझ्याच वयाची एक बाई, शेजारी तिची कॉलेजातली मुलगी. मी आज उशिरा पोचले, मला मागे ड्रायव्हरच्या मदतनिसाच्या जागेवर बसावं लागलं. तुम्ही मागे बघितलंच नाही, मला कार्डही दिलं नाहीत.

मग जे झालं ते मी सगळं पाहिलं. त्या बाईच्या हातात तुम्ही स्वतः ‘शिट्टी’चं कार्ड दिलंत. गळ्यात नाही अडकवलंत, हातात दिलंत. टेकडीवर चढताना तिला हाताने आधार दिलात. चहाच्या सुट्टीत सगळे टपरीवर रांगेत उभे, आणि तुम्ही तुमच्या पिशवीतला थर्मास काढून त्या मुलीला चहा ओतून दिलात. वर तिच्या डोक्यावर हात ठेवलात. मुलगी बिचारी बावरली. तिची आई आपल्या नवऱ्याला फोनवर सांगत होती, "अरे, इतके प्रेमळ गाईड मी कुठे बघितले नाहीत."

बाबा, मला आठवतं तसं तुम्ही माझ्या डोक्यावर कधी हात ठेवला नाहीत. मला दाढ दुखत होती, मी गालाला हात लावून घरभर रडत फिरत होते, आई म्हणाली, "अहो, हिला जरा दवाखान्यात न्या." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी काही गुन्हा केलाय. चपला घातल्यात आणि बाहेर पडलात. दुसऱ्या दिवशी आलात. आई मला घेऊन एकटी गेली. ते सगळं साठवून ठेवलेलं प्रेम आज एका परक्या बाईच्या पदरात पडलं. पडू दे. तिला तरी मिळालं.

पण मी चिडले ते त्याच्यासाठी नाही.

आज मामा झऱ्यावर मेला.

मी फोन उंच धरून रेकॉर्ड करत होते आणि तुम्ही मेंढवाडा ओलांडून सरळ पुढे गेलात. झऱ्यापाशी थांबलात. शिट्टी सगळ्यांच्या बाटल्या घेऊन पाणी भरायला उतरला, म्हणालात. ओंजळीने पाणी प्यायला, तोंड धुतलं, वर बघून हसला आणि एकच गोळी आली. त्याला कळलंसुद्धा नाही. हे तुम्ही त्या बाईच्या डोळ्यांत बघून सांगितलंत, हळू आवाजात, आणि तिच्या खांद्याला जेमतेम बोट लावलंत. तिने डोळे पुसले. तिच्या मुलीनेही पुसले. मी नाही पुसले.

मला वाटलं, चिठ्ठी वाचून यांनी आईसाठी जरा मऊ मरण शोधलंय. खोटं असलं तरी त्यात काहीतरी माणुसकी आहे, असंही क्षणभर वाटलं. मग परतताना मी ड्रायव्हरला विचारलं, "काल तर ते मेंढवाड्यापाशी म्हणाले होते ना?"

तो हसायला लागला. "ताई, तुम्ही दुसऱ्यांदा आलात का? त्यांचं रोज वेगळं असतं. बाकीचे सगळे आपापल्या ठरल्या जागी मरतात, एकटा शिट्टी तेवढा फिरतो. परवा तारेत अडकला होता. त्याच्या आदल्या दिवशी खंदकात माती कोसळली. आम्ही ड्रायव्हर लोक सकाळी पैज लावतो, शिट्टी आज कुठे पडणार? हरेल त्याने चहा पाजायचा."

ऐकलंत? माझी आई ज्या उत्तरासाठी आयुष्यभर झुरली, त्यावर तुमच्याकडे चहाच्या पैजा लागतात.

टूरला दोनदा कोण येतंय? त्यावरच तुमचं सगळं चाललंय. आलेला माणूस एक मरण घेऊन घरी जातो, दुसऱ्या दिवशी नवी गिऱ्हाइकं, नवं मरण. आईला मी यातलं कुठलं देऊ? सांगा ना. तुम्हीच निवडून द्या, तुमच्याकडे भरपूर माल आहे.

आणखी एक. संध्याकाळी लॉजच्या गॅलरीत बसून मी सगळी कार्डं आठवली. पैलवान, मास्तर, गवई, सुतार, मुका, शिट्टी, सगळे. आई सांगायची, मामा तुम्हाला दाजी म्हणायचा, म्हणून सगळी तुकडीच तुम्हाला दाजी म्हणायला लागली. मग दाजीचं कार्ड कुठे आहे? दोन दिवसांत मी ते कोणाच्याही गळ्यात बघितलं नाही.

उद्या येतेय. ही चिठ्ठीसुद्धा तिकिटाच्या खिडकीवर देते. उद्या मला शोधत बसू नका, मीच समोर येईन.


बुधवार, १३ मार्च
बसस्टँडवरून

बाबा,

तुम्ही म्हणाल, मी तिथेच तर होतो, मलाच परत काय सांगतेस? सांगू दे. तुम्ही जिथे नव्हतात तिथलं जगाला इतकी वर्षं सांगितलंत. मी निदान जिथे होते तिथलं सांगतेय.

सकाळी बसच्या दाराशी मी तुमच्यासमोर हात पुढे केला आणि म्हटलं, "मला शिट्टी द्या." तुम्ही कार्ड दिलंत. माझ्याकडे बघितलंत आणि परत बघितलंत. कालच्या बाईकडे बघताना जे तोंडावर होतं ते आज नव्हतं. आज नुसती भीती होती. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

टेकडीवर तुम्ही नेहमीसारखं सुरू केलंत, पण आवाज बसला होता. पैलवानाला बसवलंत. मास्तरला बसवलंत. मेंढवाड्याशी आलात, मी तिथे उभी राहिले, तुम्ही पुढे गेलात. झऱ्याशी आलात, मी झऱ्याशी उभी राहिले, तुम्ही पुढे गेलात. तारेशी, खंदकाशी, तसंच. शेवटी सगळे गवतात बसलेले आणि आपण दोघं उभे. एक आजी खालून म्हणाल्या, "अहो कॅप्टन, त्या पोरीला बसवा की आता. पाय दुखले असतील तिचे."

तुमचा हात वर आला आणि तसाच राहिला.

तेव्हा मी विचारलं. मोठ्याने विचारलं, कारण घरात हळू विचारून काही उपयोग झाला नव्हता. "शिट्टी कुठे पडला ते राहू दे. दाजी कुठे उभा होता?"

आणि तुम्ही म्हणालात, "दाजी वर नव्हता."

लोकांना वाटलं हा टूरचाच भाग आहे. एकाने फोन वर धरला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत, माझ्याशी बोलत राहिलात. "माझी दाढ दुखत होती. गाल असा सुजला होता, तोंड उघडेना. खाली तळावर दातांचा डॉक्टर आला होता, एका दिवसापुरता. पहाऱ्याची पाळी माझी होती. शिट्टी म्हणाला, ‘दाजी, तू जा. ताईला काय तोंड दाखवशील असं? मी उभा राहतो तुझ्या जागी.’ मी गेलो. दाढ काढली, इंजेक्शन दिलं, ट्रकखाली ताडपत्रीवर पडलो. झोप लागली. बंदुकांचा आवाज आला तेव्हा वाटलं, माझंच डोकं ठणकतंय. जागा झालो तेव्हा सगळं आटोपलं होतं. वरून कोणी परत आलं नाही. विचारायला एक माणूस उरला नाही."

मग तुम्ही खाली बसलात. काठी बाजूला ठेवून, गवतात, त्या सगळ्यांसारखे.

"घरी गेलो तेव्हा गाल बांधलेलाच होता. सगळ्यांना ती लढाईतली जखम वाटली. तुझ्या आईने त्या गालाला हात लावला आणि रडली. तिला कसं सांगू की दाढ होती? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग सांगण्यासारखं राहिलंच नाही. इथे आलो ते शोधायलाच आलो गं. इथे रोज त्याला वेगवेगळ्या जागी उभा करून बघतो. कुठलं खरं वाटतं ते बघतो. एकही वाटत नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढी त्यांनी अक्कल दाखवली. त्या आजी मात्र शेजारणीला म्हणाल्या, "बाई गं, दाढेपायी!"

खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, दुसऱ्या फेरीची वेळ झाली होती. बसच्या दाराशी तुम्ही माझ्याजवळ आलात आणि थर्मासचं झाकण फिरवत म्हणालात, "चहा घेशील?"

मी नको म्हटलं. मला हवा होता. गार वारा सुटला होता, घसा सुकला होता आणि माझा बाप पहिल्यांदाच मला काही देत होता. पण तो चहा काल कोणा दुसरीला आधीच देऊन झाला होता.

तुमची दाढ दुखली, यात तुमचा गुन्हा नाही. हे मी रागात असूनही लिहितेय, नीट वाचा. मामा स्वतः म्हणाला जा, तुम्ही गेलात, कोणीही गेलं असतं. गुन्हा त्याच्या पुढचा आहे. आई तुम्हाला विचारत होती, तो कसा गेला. ‘मला माहीत नाही’ एवढं उत्तर होतं हो त्याचं. ती एक दिवस ओरडली असती, एक वर्ष अबोला धरला असता. मग तुम्ही दोघं मिळून न कळण्याचं दुःख केलं असतंत. तुम्ही तिला एकटीला ठेवलंत त्यात. आणि माझी एक दाढ दुखली म्हणून बाप घरातून निघून जातो, असं मला वाटत ठेवलंत.

फोनमध्ये झऱ्याचं रेकॉर्डिंग आहे. पुसलेलं नाही. आईला काय सांगायचं ते मला अजून कळत नाही. बस लागली. हे पत्र पेटीत टाकते आणि चढते.


गुरुवार, २८ मार्च
घरून

बाबा,

आई गेली. ऑपरेशन टेबलावर नाही, त्यानंतर तीन दिवसांनी, शुद्धीवर न येता. सगळं आटोपलंय. तुम्ही यायची घाई करू नका. तुम्ही तशीही केली नसती.

तुम्हाला हे कळायला हवं की मी तिला काय सांगितलं, कारण त्याचा संबंध तुमच्या धंद्याशी आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी तिच्या पलंगाशी बसले. खरं सांगायचं असं ठरवून बसले होते. दाढ, ट्रक, ताडपत्री, सगळं ओठांवर होतं. तिच्या भावाबद्दल काहीच कळणार नाही हे ऐकून ती तुटेल, पण तुमचं सोंग तरी उघडं पडेल, असं मनात होतं. तिने डोळे उघडले आणि मला विचारलं ते भलतंच. "तहानलेला तर नव्हता ना गं गेला? लहानपणी झोपेतून उठून पाणी मागायचा. मीच द्यायची उठून."

बाबा, मग मी काय करणार होते?

मी म्हटलं, "नाही गं आई. झऱ्यावर होता. पोटभर पाणी प्यायला, तोंड धुतलं आणि हसत होता. त्याला कळलंसुद्धा नाही."

मग म्हणाली, "आणि हे कुठे होते?"

तुमच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. खरं सांगायची ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, "शेजारीच होते. हातात हात होता."

"मग ठीक," ती म्हणाली. "एकटा नव्हता." आणि थोड्या वेळाने, "ह्यांना सांग, उगाच छळलं मी. त्यांना बोलवत नसेल ते सगळं. त्यांनी माझ्या भावाचा हात धरला, मी त्यांची आभारी आहे."

तो निरोप मी पोचवतेय. तो तुमचा नाही. तुम्ही काहीही न केल्याबद्दल तो तुम्हाला मिळालाय आणि जिने दिला ती आता परत घेऊ शकत नाही. ठेवून घ्या. मला तो घरात नको.

आता कामाचं. मी माझ्या मरणाऱ्या आईशी खोटं बोलले. तुमचं खोटं. हे तिचं शेवटचं ऐकणं होतं आणि ते मला आता खरं ठेवायचंय. म्हणून आजपासून मामा मेंढवाड्यापाशी मरणार नाही, तारेत नाही, खंदकात नाही. तो रोज झऱ्यावरच मरेल. ड्रायव्हर लोकांच्या पैजा बंद झाल्या तर होऊ द्या.

शिट्टीचं कार्ड माझ्या गळ्यातच राहून इकडे आलंय. ते परत पाठवणार नाही. नवीन लिहून घ्या आणि ते लिहाल तेव्हा आणखी एक लिहा, ‘दाजी’. ते कोणा प्रवाशाला देऊ नका, स्वतःच्या गळ्यात घाला आणि झऱ्यापाशी शिट्टीच्या शेजारी उभे राहा. त्याचा हात धरा. लोक रडतील, रडू द्या. तुम्हाला एकट्यालाच माहीत असेल की तुम्ही त्या वेळी खाली ट्रकखाली झोपला होतात. मलाही माहीत असेल, पण मी येणार नाही.

माझी मुलगी येईल. आजीला सांगितलेली गोष्ट तिने बाहेर उभं राहून ऐकलीय. तिला ती खरी वाटते आणि तिला ती जागा बघायचीय. कधी येईल ते मला सांगितलेलं नाही. या सुट्टीत येईल, नाहीतर नोकरी लागल्यावर. तुम्ही तिला कधी पाहिलेलं नाही, तिचं नाव तुम्हाला माहीत नाही आणि तुमच्या त्या चष्म्यातून तर ती मुळीच ओळखू यायची नाही. तिच्या वयाची जी कोणी मुलगी बसमधून उतरेल, ती ती असू शकते. काल येऊन गेलेलीही असू शकते.

तेव्हा एक दिवसही चुकवू नका. आणि थर्मास भरून ठेवत चला.